फोटो काढण्याचे दोन तास आणि न मोजलेले बारा

वाचकाचे पत्र : मी नागपूरला मानेवाडा भागात राहते. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून पोर्ट्रेट छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. घराजवळ महिना ७,००० रुपये भाड्याने खोली घेऊन तिथे छोटा स्टुडिओ केला आहे. डोहाळजेवण, बाळाचा पहिला वाढदिवस, बोरन्हाण, कुटुंबाचा एकत्र फोटो अशी कामे करते. एका शूटचे ३,५०० रुपये घेते. त्यात दोन तासांचे शूट, एडिट केलेले ६० फोटो, सगळी सॉफ्ट कॉपी आणि १२ बाय १८ची एक फ्रेम देते. वर्षाला साधारण ९० शूट होतात. लोक कामाची मनापासून स्तुती करतात, पण महिनाअखेर हातात काहीच उरत नाही. पुढच्या चौकातला स्टुडिओ २,००० रुपयांत शूट करून देतो, त्यामुळे दर वाढवण्याची भीती वाटते. नातेवाईक तर पैशांचा विषयही काढत नाहीत. खर्चाचा कागद सोबत जोडला आहे. मी नेमके किती रुपये घ्यावेत?

उत्तर :

तुम्ही खर्चाचा कागद पाठवलात हे फार चांगले केले, कारण त्यामुळे अंदाजाने बोलावे लागत नाही. मात्र त्या कागदावर दोन रकमा नाहीत आणि तुमची सगळी अडचण त्या दोन रकमांमध्येच आहे. एक म्हणजे कॅमेरा, लेन्स, लाइट आणि संगणक यांचा घसारा, म्हणजे वापराने दर वर्षी घटणारी त्यांची किंमत, आणि दुसरी म्हणजे तुमचा स्वतःचा पगार.

आधी कागदावर जे आहे ते पाहू. वर्षाचे भाडे ८४,००० रुपये, वीज, इंटरनेट आणि फोन मिळून ३०,०००, सॉफ्टवेअर आणि हार्ड डिस्क १४,०००, दुरुस्ती आणि विमा १५,०००, जाहिरात २५,०००. ही बेरीज १,६८,००० रुपये होते. शूट एक झाले काय किंवा शंभर झाली काय, हा खर्च टळत नाही. याशिवाय प्रत्येक शूटमागे मदतनीस मुलीचे ६०० रुपये, फ्रेमचे ४५० आणि पेट्रोल व सजावटीचे २५० असे १,३०० रुपये जातात. म्हणजे ३,५०० रुपयांतून तुमच्याकडे २,२०० उरतात आणि ९० शूटचे मिळून १,९८,००० होतात. त्यातून वर्षाचा ठरलेला खर्च वजा केला की ३०,००० रुपये राहतात. महिन्याला अडीच हजार. हातात काही उरत नाही असे तुम्हाला वाटते, ते वाटणे नसून अगदी बरोबर हिशेब आहे.

आता घसारा धरू. तुमच्याकडची सगळी यंत्रसामग्री मिळून ३,६०,००० रुपयांची आहे असे तुम्ही लिहिले आहे. ती सरासरी पाच वर्षे चालेल असे मानले तर दर वर्षी ७२,००० रुपयांची झीज होते. हे पैसे आज कोणी मागायला येत नाही, म्हणून ते खर्चात धरले जात नाहीत. पण कॅमेऱ्याचे शटर ठरावीक लाख-दीड लाख क्लिकच्या अपेक्षेने बनवलेले असते, फ्लॅशच्या ट्यूब जातात, संगणक नव्या सॉफ्टवेअरला पुरा पडत नाही, आणि हे सगळे नेमके हंगामाच्या तोंडावर होते. हा घसारा धरला की ३०,००० रुपयांची शिल्लक संपून उलट ४२,००० रुपयांची तूट दिसते. ती तूट तुम्ही आजवर स्वतःच्या पगाराविना आणि जुन्या कॅमेऱ्याच्या आयुष्यातून भरत आला आहात.

माझ्या मनाला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. तुमच्या मदतनीस मुलीला एका शूटचे ६०० रुपये मिळतात आणि ते तिच्या श्रमाला योग्यच आहेत, त्यात एक रुपयाही कमी करू नका. परंतु त्याच शूटमधून तुमच्या वाट्याला, घसारा न धरताही, ३३३ रुपये येतात. मालकीण तुम्ही आणि गिऱ्हाईक तुमच्या नजरेसाठी येते, तरी स्टुडिओत सर्वांत कमी मोबदला तुम्हालाच मिळतो. हे बदलायलाच हवे.

तुमच्या पत्रात ‘दोन तासांचे शूट’ असा उल्लेख आहे आणि गिऱ्हाइकालाही तुम्ही तेवढेच दोन तास विकता. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तारीख, कपडे, रंग यांची बोलणी होतात, त्यात एक तास जातो. पडदा, लाइट, सजावट मांडण्यात एक तास, शूटचे दोन तास, फाइली उतरवून त्यांची दुसरी प्रत ठेवण्यात अर्धा तास, शेकडो फोटोंतून निवड करण्यात दीड तास, फ्रेमची ऑर्डर देणे, ती तपासणे आणि गिऱ्हाइकाच्या हाती देणे यांत आणखी एक तास. आणि एडिटिंग? एका फोटोला सात मिनिटे धरली तरी ६० फोटोंचे सात तास होतात. एकूण १४ तास. वर्षाच्या ९० शूटचे १,२६० तास होतात आणि ३०,००० रुपयांना त्यांनी भागले तर ताशी २४ रुपयेही पडत नाहीत. मी एवढे खोलात शिरून लिहीत आहे, कारण दर वाढवण्याचे धैर्य कोणाच्या उपदेशाने येत नाही. आपले तास आपल्याच हस्ताक्षरात कागदावर दिसले की ते येते. पुढच्या चार शूटना वही जवळ ठेवा आणि प्रत्येक कामाची वेळ लिहा. माझे आकडे तुमच्या आकड्यांशी जुळले नाहीत तर तुमचे धरा.

आता तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर. दर ठरवताना सुरुवात गिऱ्हाइकाच्या खिशापासून किंवा पुढच्या चौकातून करायची नसते, ती तुमच्या वर्षापासून करायची असते. ठरलेला खर्च घसाऱ्यासह २,४०,००० रुपये आहे. घरासाठी तुम्हाला महिना ३०,००० रुपये हवेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. मंदीचे महिने आणि नवी साधने यांच्यासाठी व्यवसायाचा स्वतःचा नफा म्हणून ६०,००० बाजूला ठेवा. पगार म्हणजेच नफा, असे मानून हे ६०,००० गाळण्याचा मोह होईल, पण पगार तुमच्या कामाचा असतो आणि नफा तुम्ही घेतलेल्या जोखमीचा असतो. ही सगळी बेरीज ६,६०,००० रुपये होते. तिला ९० ने भागले की प्रत्येक शूटमागे सुमारे ७,३३० रुपये शिल्लक राहिले पाहिजेत, असे निघते. त्यात शूटचे थेट १,३०० रुपये मिळवले की आजच्याच पद्धतीने काम करायचे असेल तर तुमचा सरासरी दर सुमारे ८,६०० रुपये हवा.

इथे कोणी सुचवेल की दर तसाच ठेवून शूटची संख्या वाढवा. तुमच्याच आकड्यांनी ते शक्य नाही, कारण २,२०० रुपयांच्या शिल्लकीने ६,६०,००० गाठायला वर्षाला ३०० शूट करावी लागतील आणि १४ तासांच्या हिशेबाने त्यांचे ४,२०० तास होतील. एवढे काम एका माणसाच्या आवाक्यातले नाही. शिवाय नागपूरचे वर्ष सारखे नसते. लोकांना रविवार हवा असतो आणि रविवार ५२ च आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की फुटाळा, अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सवरचे शूट सकाळी आठच्या आत आवरावे लागते, नाहीतर ऊन डोक्यावर येऊन डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि लहान मूल किरकिर करू लागते. खरा हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा आहे. म्हणून ९० हाच आकडा मी वास्तव मानतो.

३,५०० वरून एकदम ८,६०० म्हणायला जीभ अडखळेल, हे मला कळते. त्यासाठी आधी तुम्ही काय विकता तेच बदला. साठ फोटो कोणत्याच कुटुंबाला नको असतात. भिंतीवर एक लागतो, आजी-आजोबांना दोन-तीन द्यायचे असतात, मोबाइलवर दहा-पंधरा राहतात आणि उरलेल्यांत एकाच हसण्याच्या चार-चार प्रती असतात. त्या प्रतींवर तुमची रात्र जाते. मूळ शूटमध्ये २५ फोटो ठेवले तर एडिटिंग तीन तासांत आटोपते, प्रत्येक शूटमागे चार तास वाचतात आणि वर्षाकाठी ३६० तास मोकळे होतात. त्याहून जास्त फोटो हवे असतील तर प्रत्येकी २५० रुपये, असा साधा नियम ठेवा.

ही निवड व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून करून घेऊ नका. कुटुंबाला स्टुडिओत बोलवा, चांगल्या मोठ्या पडद्यावर रंग जुळवलेले पन्नासेक फोटो शांतपणे दाखवा आणि शेजारी १२ बाय १८ आणि २० बाय ३० आकाराच्या दोन तयार फ्रेम भिंतीवर लावून ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर नातवाचा फोटो पाहणारे आजोबा ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकवतात, तोच फोटो मोठा पाहिला की ते थांबतात आणि घरातली कोणती भिंत मोकळी आहे यावर बोलणे सुरू होते. त्यात फसवणूक मुळीच नाही, कारण छापील फोटो हीच या कामातली टिकणारी वस्तू आहे. आणि म्हणूनच फ्रेम फुकट देणे बंद करा. लॅबला ४५० रुपये दिलेली फ्रेम ६०० ला विकली तर दीडशे सुटले असे वाटते, पण त्यात ऑर्डरचा वेळ आहे, रंग बिघडला तर पुन्हा छापण्याची जबाबदारी आहे, काच तडकली तर नुकसान आहे. छापील वस्तूची किंमत लॅबच्या दराच्या अडीच ते तीनपट असावी, असे माझे ठाम मत आहे.

या सगळ्यावरून तुमच्यासाठी तीन पॅकेज सुचवतो. लहान ६,००० रुपयांचे : १२ फोटो, फ्रेम नाही, तुमचा थेट खर्च ८५० रुपये. मधले ९,००० चे : २५ फोटो आणि एक फ्रेम, थेट खर्च १,३००. मोठे १५,००० चे : ४० फोटो, फ्रेम आणि अल्बम, अल्बमचे २,७०० धरून थेट खर्च ४,०००. दहा गिऱ्हाइकांपैकी तिघांनी लहान, पाचांनी मधले आणि दोघांनी मोठे घेतले, तर प्रत्येक शूटमागे सरासरी ७,५९५ रुपये शिल्लक राहतात. आपल्याला ७,३३० हवे होते. प्रत्यक्षात प्रमाण वेगळे पडेल, म्हणून दर तिमाहीला हा हिशेब पुन्हा मांडा. मधले पॅकेज सर्वांत काळजीपूर्वक रचा, कारण बहुतेक कुटुंबे तिथेच थांबतात.

नवजात बाळाचे शूट मात्र या तिन्हींत बसवू नका. खोली उबदार करायची, बाळ पिऊन शांत झोपेपर्यंत थांबायचे, मध्ये दोनदा थांबून पुन्हा सुरुवात करायची, एका माणसाचा हात सतत बाळाजवळ ठेवायचा, यात चार तास सहज जातात. त्याचा दर मधल्या पॅकेजच्या किमान दीडपट ठेवा आणि घाईत ते काम कधीही करू नका. बाहेरच्या शूटसाठी बागेची परवानगी किंवा शुल्क लागत असेल तर ते गिऱ्हाइकाने वेगळे द्यायचे, हेही आधीच लिहून द्या.

तुमची मुख्य भीती गिऱ्हाईक तुटेल ही आहे. काही तुटतील, ते मी नाकारत नाही. पण आज ९० शूट करून, वर्षाचा ठरलेला खर्च वजा करण्याआधी, जी १,९८,००० रुपयांची शिल्लक तुमच्याकडे येते, ती नव्या दरांत २७ शूटमध्ये येते. म्हणजे दहांपैकी सात गिऱ्हाइके गेली तरी तुम्ही आजच्या जागीच असाल, आणि तेही खूपच कमी तास राबून. इतकी गिऱ्हाइके जातील असे मला वाटत नाही. तुमचे काम पाहून येणारा माणूस आणि फक्त आकडा विचारून फोन ठेवणारा माणूस हे दोन वेगळे आहेत आणि आजवर तुम्ही दुसऱ्यासाठी दर ठेवून पहिल्याचे काम करत आला आहात.

पुढच्या चौकातल्या स्टुडिओचा राग मानू नका आणि त्याच्याशी तुलनाही करू नका. त्याची जागा स्वतःची असेल, पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर त्याचे भाडे निघत असेल, दोन हजारांत तो वीस मिनिटांत बारा फोटो काढून देत असेल. त्याचे गणित त्याला माहीत. ‘ताई, तिकडे तर दोन हजारात होते,’ असे कोणी म्हणाले, तर ‘हो, त्यांच्याकडे तेवढ्यात होते, माझ्याकडे त्या पैशांत असे काम करता येत नाही,’ एवढे सांगून गप्प राहा. समर्थन देत बसले की घासाघीस सुरू होते. तुमचे वेगळेपण दाखवायचे असेल तर ते फोटोंतून दाखवा. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यांत सहस्रचंद्रदर्शनाच्या कुटुंबाचा एक फोटो आहे. त्यात आजोबांच्या जाड चष्म्यात लाइटचे प्रतिबिंब कुठेच नाही, कारण तुम्ही लाइट वर घेऊन चष्म्याची काडी कानावर किंचित उचललेली दिसते, आणि मागे उभ्या असलेल्या उंच नातवाचा चेहराही त्याच प्रकाशात स्वच्छ आला आहे. हे ज्याला जमते त्याने २,००० रुपयांच्या स्पर्धेत उतरू नये.

सवलतीबद्दल सावध राहा. मधल्या पॅकेजवर २० टक्के सूट म्हणजे १,८०० रुपये. पण खर्च कमी होत नाही, म्हणून तुमची शिल्लक ७,७०० वरून ५,९०० वर येते आणि जे दहा शूटमध्ये मिळत होते त्यासाठी तेरा करावी लागतात. पैसे कमी करायचेच असतील तर सोबत कामही कमी करा; फोटो कमी करा किंवा फ्रेम काढा. मंदीच्या महिन्यांत सूट देण्यापेक्षा वेगळे गिऱ्हाईक शोधा. धंतोली आणि रामदासपेठेत रुग्णालये आहेत, सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, मिहान औद्योगिक क्षेत्रात कंपन्या आहेत. डॉक्टर, वकील आणि अधिकाऱ्यांना स्वतःचा नीट फोटो लागतो आणि तो मे महिन्यातही थंड खोलीत काढता येतो. तिथे प्रत्येक व्यक्तीमागे दर ठेवा, पण किमान रक्कम ठरवा, नाहीतर दोन माणसांसाठी सगळे लाइट वाहून न्यावे लागतील.

तारीख पक्की करताना निम्मे पैसे ॲडव्हान्स घ्या आणि उरलेले फोटो देण्याआधी घ्या. एका पानाचा साधा करार करा. त्यात फोटोंची संख्या, देण्याची मुदत, तारीख बदलण्याचा नियम आणि रॉ फाइली (कॅमेऱ्यातल्या एडिट न केलेल्या मूळ फाइली) दिल्या जाणार नाहीत हे लिहा. एक कायदेशीर गोष्टही लक्षात ठेवा : कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढायला सांगणारे गिऱ्हाईक असते. इन्स्टाग्रामवर किंवा जाहिरातीत बाळाचा फोटो वापरायचा असेल तर आईवडिलांची लेखी संमती याच कागदावर घ्या. कायद्याचा प्रश्न नसता तरी ती घेणे योग्यच होते.

जीएसटीची चिंता तूर्त नको. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे आणि नव्या दरांनीही तुमची उलाढाल साडेआठ लाखांच्या आतच राहते. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही, हे मात्र विसरू नका. पुढे मर्यादेजवळ आलात तर १८ टक्के कर दरात कसा बसवायचा, ते आधीच सीएशी बोलून ठरवा.

नवे दर लागू करताना घेतलेली बुकिंग जुन्याच दराने पूर्ण करा. जुन्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी स्वतः संदेश पाठवून कळवा आणि त्यांच्यासाठी तीन महिने मधले पॅकेज ७,५०० ला ठेवा. त्यांनी तुमच्यावर सुरुवातीला विश्वास टाकला, त्याची ती दखल ठरेल. दसऱ्यापासून सुरुवात केली तर हंगाम नव्या दरांनी जाईल.

राहिले नातेवाईक. त्यांच्यासाठी निम्मा दर कधीच ठेवू नका, कारण निम्म्या दरात त्यांना उपकार केल्याचे वाटते आणि तुम्हाला लुबाडल्यासारखे. वर्षाला किती शूट भेट म्हणून द्यायची ते आधीच ठरवा, समजा तीन, आणि ती कोणाला हेही तुम्हीच ठरवा. भाचीचे बारसे असेल, आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस असेल. त्या तिघांकडून एक पैसा घेऊ नका, पण बिल मात्र पूर्ण करा, ‘९,००० रुपये, प्रेमाची भेट’ असे लिहून फ्रेमसोबत द्या. बाकी सगळ्यांना इतरांसारखेच दरपत्रक पाठवा. मावशी एखाद्या वेळी रुसेल. तिच्याकडे चहाला जाऊन समजूत घाला, दर मात्र बदलू नका.